सोडियम कमी झालं की मेंदू का सुजतो, आणि डॉक्टर ते हळूहळूच का वाढवतात?

घरातल्या आजींना दोन दिवसांपासून गुंगी आहे. विचारलं तर उत्तर उशिरा देतात. काल चालताना तोल गेला, आज सकाळी नातवाला दुसऱ्याच नावाने हाक मारली. घरच्यांना वाटतं अर्धांगवायूचा झटका आला. सीटी स्कॅन केला तर त्यात काही सापडत नाही. मग रक्ताच्या रिपोर्टमध्ये एका ओळीखाली रेघ मारलेली दिसते : सोडियम ११८. डॉक्टर सांगतात, "मीठ कमी झालंय. भरती करावं लागेल, तीन-चार दिवस लागतील." त्यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मीठच कमी आहे ना, मग एकदम भरून टाका की! तीन-चार दिवस कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे. कावीळ, टायफॉइड यांना वेळ लागतो हे लोकांना पटतं, पण मीठ तर किराणा दुकानात मिळतं. त्यात घाई केली तर रुग्णाचं कायमचं नुकसान होऊ शकतं, हे कोणी नीट समजावून सांगितलं नाही तर पटत नाही. आमच्या गोंदिया जिल्ह्यात ही गोष्ट समजून घ्यायला दोन मोसम पुरेसे आहेत : एक तेंदूपत्ता तोडणीपासून नवतपा संपेपर्यंतचा उन्हाळा, आणि दुसरा धानाच्या रोवणीचा. घाम भरपूर, पिणं नुसतं पाणी, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डब्यात बीपीच्या गोळ्या. हे तिन्ही एकत्र आलं की वरच्यासारखे रिपोर्ट दिसू लागतात.

रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत

आधी सोडियम म्हणजे काय ते पाहू. आपण खातो ते मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ या आकड्यांत असतं. हा आकडा शरीरात एकूण किती मीठ आहे हे सांगत नाही. पाण्याच्या मानाने मीठ किती आहे, एवढंच सांगतो. वरणात मीठ कमी लागलं, तर मीठ कमी टाकलं असेल किंवा पाणी जास्त झालं असेल. सोडियम कमी होतं तेव्हा बहुतेक वेळा गोष्ट दुसरी असते, म्हणजे पाणी जास्त झालेलं असतं.

बाकी शरीरात रक्तातलं मीठ आणि पाणी केशवाहिन्यांच्या भिंतींतून सहज बाहेर-आत करतं. मेंदूत तसं नाही. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र पांढराच राहिला. पुढे १९१३ साली त्यांचे शिष्य गोल्डमान यांनी उलटा प्रयोग केला. रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. मेंदू रंगला, पण बाकी शरीर रंगलं नाही. म्हणजे दोघांच्या मध्ये काहीतरी आडवं होतं. आज आपल्याला माहीत आहे की मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की त्यांच्या फटींतून मिठाचे कणही सहज जात नाहीत.

पाणी मात्र जातं. पेशींच्या आवरणात पाण्यासाठी खास वाटा असतात, त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ साली नोबेल मिळालं. मेंदूत रक्तवाहिन्यांना वेढून बसलेल्या आधारपेशींवर या वाटा दाटीने असतात. या लेखातलं बाकी सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे : रक्त आणि मेंदू यांच्यात पाणी लवकर जातं-येतं, मीठ फार सावकाश.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात पाणी सुटतं. वाळलेले वाटाणे साध्या पाण्यात टाकले की सकाळपर्यंत फुगतात. पाणी नेहमी जिकडे मीठ जास्त तिकडे ओढलं जातं. शाळेत याला परासरण म्हणतात. रक्तातलं मीठ पातळ झालं, की मेंदूच्या बाजूला ते तुलनेने जास्त ठरतं, पाणी रक्तातून मेंदूत शिरतं आणि मेंदू फुगतो. हातापायाला सूज आली तर कातडी ताणली जाते. मेंदूभोवती मात्र हाडाची कवटी आहे, ती ताणली जात नाही. म्हणून आधी डोकेदुखी, मळमळ, मग गुंगी, मग झटके, आणि शेवटी बेशुद्धी.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. १९१९ साली वीड आणि मॅककिबेन या अमेरिकी संशोधकांनी मांजरांच्या शिरेत मिठाचं तीव्र द्रावण दिलं, तर मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब खाली घसरला आणि मेंदू आक्रसला. साधं पाणी दिलं तर दाब चढला आणि मेंदू फुगला. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला किंवा मेंदूज्वरात मेंदूची सूज उतरवायला आपण मॅनिटॉल किंवा ३ टक्के सलाईन देतो. त्याचं मूळ इथे आहे. ही औषधं रक्तात राहतात, भिंत ओलांडत नाहीत, आणि मेंदूतलं पाणी रक्तात ओढून घेतात.

मेंदूभोवतीचं पाणी येतं कुठून?

मेंदू आणि मणक्यातली नस एका स्वच्छ पाण्यात तरंगत असते. मोठ्या माणसात हे पाणी साधारण १५० मिली, म्हणजे चहाच्या मोठ्या कपाएवढं असतं. पण ते साठून राहिलेलं नसतं. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये रक्तवाहिन्यांचे झुपके असतात. ते दिवसाला सुमारे ५०० मिली पाणी तयार करतात, आणि तेवढंच परत रक्तात जातं. एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पाणी सोडावं तसं. पाणी सतत वाहतं, पातळी तीच राहते. लहान मुलात ही वाट तुंबली की डोकं मोठं होऊ लागतं.

हे पाणी रक्त गाळून तयार होत नाही. त्या झुपक्यांच्या पेशी सोडियम पंपाने ढकलतात आणि त्यामागे पाणी येतं. त्यामुळे मेंदूभोवतीच्या पाण्याची चव, असं म्हणू या, रक्तापेक्षा थोडी वेगळी असते. सोडियम जवळपास तेवढंच, क्लोराइड जास्त, पोटॅशियम कमी, प्रथिनं अगदी नगण्य. पोटॅशियम कमी ठेवण्यामागे कारण आहे. ते वाढलं तर मेंदूच्या पेशी विनाकारण चेतवल्या जातात. आपण केळी खाल्ली, नारळपाणी प्यालो आणि रक्तात पोटॅशियम थोडं वर-खाली झालं, तरी मेंदूला त्याचा पत्ताही लागत नाही.

याच पाण्याचा थोडा अंश कमरेतून काढून तपासतात, त्याला आपल्याकडे "पाठीतलं पाणी काढणं" म्हणतात. त्याने पाय लुळे पडतात ही भीती फार खोल रुजलेली आहे. मोठ्या माणसात मणक्यातली नस कमरेच्या वरच संपते आणि सुई तिच्या खाली, नुसत्या पाण्याच्या जागेत घालतात. डॉक्टरांनी ही तपासणी सुचवली तर हवे तेवढे प्रश्न विचारा, पण या भीतीपोटी नाही म्हणू नका. टीबीचा मेंदूज्वर ओळखायला हीच तपासणी लागते. जुन्या काळी या पाण्यात क्लोराइड कमी दिसलं की टीबी समजत. नंतर कळलं की ते मेंदूभोवतीच्या पाण्याचं स्वतःचं लक्षण नव्हतंच. उलट्या आणि आजारामुळे रक्तातलं मीठ कमी झालं, की काही वेळाने त्याचीच सावली या पाण्यात पडते.

मग हळू का?

मेंदू फुगणं मुकाट्याने सहन करत नाही. पाणी शिरू लागलं की काही तासांत तो आपल्या पेशींतलं सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड बाहेर टाकू लागतो. पुढच्या दोन दिवसांत पेशींतले इतर काही विरघळलेले पदार्थही टाकतो. आतलं द्रावणच पातळ केलं की पाणी ओढलं जात नाही आणि सूज उतरते. म्हणूनच आठवडाभरात हळूहळू ११८ वर आलेल्या आजी बोलत-चालत दवाखान्यात येतात, आणि काही तासांत तेवढंच खाली आलेला तरुण झटके येऊन बेशुद्ध असू शकतो. आकडा एकच, पण मेंदूला मिळालेला वेळ वेगळा.

आता आजींचा मेंदू या पातळ रक्ताशी जुळवून बसला आहे. अशा वेळी आपण एका रात्रीत सोडियम ११८ चं १३८ केलं तर काय होईल? रक्त अचानक खारट झालं, मेंदू आतून पातळ, म्हणून पाणी मेंदूतून झपाट्याने बाहेर ओढलं जातं. टाकून दिलेले पदार्थ परत गोळा करायला मेंदूला कित्येक दिवस लागतात, तेवढी सवड त्याला मिळत नाही. पेशी आक्रसतात आणि नसांवरचं आवरण विरघळू लागतं, विशेषतः मेंदूच्या देठात. हा आजार १९५९ साली पहिल्यांदा नीट नोंदवला गेला, दारूचं व्यसन आणि कुपोषण असलेल्या रुग्णांमध्ये. सोडियम भरण्याच्या वेगाशी त्याचा संबंध बऱ्याच नंतर लक्षात आला.

त्यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे रुग्ण आधी सुधारतो. सोडियम वाढलं, आजी शुद्धीवर आल्या, सगळे खूश. मग दोन ते सहा दिवसांनी बोलणं जड होतं, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. काही रुग्णांना सगळं ऐकू येतं, समजतं, पण फक्त डोळे हलवता येतात. यावर खात्रीचा उपचार नाही.

म्हणून डॉक्टर २४ तासांत सोडियम साधारण ८ ने, फार तर १० ने वाढू देतात. दारू पिणारे, खूप अशक्त, लिव्हरचा आजार असलेले किंवा पोटॅशियम कमी असलेले रुग्ण असतील तर ८ च्या आतच. ११८ असेल तर पहिल्या दिवशी १२६ च्या पुढे नाही. ही मर्यादा जरुरीपेक्षा जास्त कडक आहे का, यावर अलीकडे डॉक्टरांमध्ये वाद सुरू आहे. पण ज्या रुग्णाचं सोडियम कधीपासून घसरत होतं हे कोणालाच माहीत नाही, तिथे मी तरी सावध वेगच निवडतो.

अपवाद एक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. झटके येत असतील किंवा रुग्ण बेशुद्ध होत चालला असेल, तर पहिल्या तासात घाई करावीच लागते. ३ टक्के सलाईनचे १००-१५० मिली दहा-वीस मिनिटांत देतात, गरज पडली तर पुन्हा देतात. सोडियम नुसतं ४ ते ६ ने वाढलं तरी मेंदूची जीव घेणारी सूज उतरते. त्यानंतर मात्र वेग लगेच रोखायचा. "सुरुवातीला धावपळ केली, आता का थांबलात?" असं वाटलं तर कारण हे आहे. दर चार-सहा तासांनी रक्त घेतात तेही याचसाठी. पाणी अडवणारं कारण दूर झालं, की मूत्रपिंड अचानक भरपूर लघवी सोडतं आणि सोडियम आपोआपच वेगाने चढतं. अशा वेळी डॉक्टर सलाईन बंद करून उलट पाणी प्यायला देतात. नातेवाइकांना ते उफराटं वाटतं, पण बरोबर असतं. लघवी अचानक खूप वाढलेली दिसली तर सिस्टरना लगेच सांगा.

पाणी जास्त होतं तरी कसं?

निरोगी मूत्रपिंड तासाला ८०० मिली ते १ लिटर जास्तीचं पाणी बाहेर टाकू शकतं. मग अडतं कुठे? ५० किलो वजनाच्या बाईच्या शरीरात साधारण २५ लिटर पाणी असतं. त्यात ३ लिटर जास्तीचं पाणी अडकून राहिलं तर १४० चं सोडियम १२५ वर येतं. अडकवणारी कारणं घरातच सापडतात.

पहिलं म्हणजे बीपीच्या गोळ्या. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या बऱ्याचदा दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असतात, आणि पट्टीवर "एच" किंवा "सीटी" अशी छोटी अक्षरं असतात. गोळ्या चांगल्या आहेत, स्वस्त आहेत, मनाने बंद करू नका. पण वृद्ध बाई, उन्हाळा आणि जुलाब-उलटी हे जुळून आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. झटक्यांसाठीच्या कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन, नैराश्यासाठीच्या एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांनीही सोडियम घसरतं. न्यूमोनिया, टीबी, थायरॉइड, हृदय, लिव्हर, किडनीचे आजार ही कारणंही डॉक्टर तपासतात. हृदय किंवा लिव्हरच्या आजारात सोडियम कमी असूनही मीठ वाढवायचं नसतं, पाणी मोजून द्यायचं असतं. त्यामुळे रिपोर्ट बघून घरीच मिठाचं पाणी पाजू नका.

दुसरं कारण जेवणात आहे. पाणी बाहेर टाकायला मूत्रपिंडाला थोडं मीठ आणि प्रथिनांपासून बनणारा युरिया लागतो. दात नाहीत म्हणून आजोबा महिनोन्महिने चहा-बिस्किट आणि बिनमिठाच्या पेजेवर असतील, तर मूत्रपिंड कितीही चांगलं असलं तरी पाणी काढू शकत नाही. पेजेत वरण घाला, अंडं द्या.

तिसरं म्हणजे घाम. घामातून मीठही जातं, आणि दिवसभर भरून काढतो नुसतं पाणी. उन्हात पाणी कमी प्या असा याचा अर्थ अजिबात नाही, आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पाण्यावाचून माणूस दगावतो. तहान लागेल तसं पाणी प्या, सोबत मीठ घातलेली पेज, ताक, पन्हं किंवा ओआरएस घ्या. तहान नसताना "दिवसाला सहा लिटर" असा नेम करू नका.

सलाईन आणि ओआरएस

"ग्लुकोजची बाटली लावा, ताकद येईल" ही मागणी रोजची आहे. ५ टक्के ग्लुकोजच्या बाटलीतली साखर शरीर वापरून टाकतं आणि उरतं नुसतं पाणी. सोडियम आधीच कमी असलेल्या माणसाला ही बाटली म्हणजे मेंदूत पाणी भरणं. साध्या सलाईनमध्ये सोडियम १५४ असतं, ३ टक्के सलाईनमध्ये ५१३. बाटल्या सारख्याच दिसतात, काम उलट करतात. गुंगीत असलेल्या माणसाला घरी बाटली लावून घेऊ नका.

लहान मुलांत उलटा धोका असतो. ओआरएसच्या पाकिटात १ लिटर पाण्याचा हिशोब आहे. त्यात सोडियम ७५ होतं. तेच पाकीट २०० मिलीच्या ग्लासात घोळलं तर ३७५ होतं, रक्ताच्या अडीचपटीहून जास्त. मग रक्त खारट होतं, बाळाचा मेंदू आक्रसतो आणि कवटीला जोडणाऱ्या बारीक शिरा तुटून रक्तस्राव होऊ शकतो. "घट्ट केलं तर गुण लवकर" हा हिशोब इथे चालत नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाईन संपल्यावर मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. ते साधलं कारण मीठ, साखर आणि पाणी मोजून घेतलेलं होतं. पाकीट छोटं असेल तर त्यावर लिहिलेलं पाणी बघा, आणि त्याच मापाने घोळा. अंथरुणाला खिळलेल्या, पाणी मागू न शकणाऱ्या वृद्धातही सोडियम असंच चढतं, आणि ते उतरवतानाही घाई चालत नाही.

केव्हा निघायचं

नवी गुंगी, बरळणं, तोल जाणं, वारंवार उलट्या, झटका यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. गुंगी दर वेळी सोडियमचीच असते असं नाही. मधुमेह असेल तर आधी साखर तपासा. ताप असेल, त्यातही सालेकसा-देवरी भागातून आला असाल, तर मलेरियाची तपासणी त्याच वेळी करून घ्या. अंग तापलेलं आणि माणूस उन्हातून आलेला असेल तर अंगावर पाणी ओतून, वारा घालून थंड करायला लागा आणि तसंच दवाखान्यात आणा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, लिंबू, कांद्याचा रस काहीही घालू नका. ते फुप्फुसात जातं.

येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणा, रिकाम्यासुद्धा. जुना सोडियमचा रिपोर्ट असेल तर तोही आणा, कारण आकडा महिन्याभरात घसरला की कालपासून, यावर पहिल्या दिवसाचा उपचार ठरतो. आधी कुठे बाटली लावली असेल तर न लाजता सांगा, आणि बाटलीवरचं नाव फोनमध्ये टिपलेलं असेल तर ते दाखवा. सुटी झाल्यावर आठवड्याच्या आत सोडियम पुन्हा तपासा, आणि बंद केलेली बीपीची गोळी दुकानातून जुन्या चिठ्ठीवर परत आणू नका.